पेशंटबरोबर कोण आहे?

ठाणे शहराच्या पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडे पसरलेल्या वागळे इस्टेटचा इतिहास लिहावयास घेतला की लेखणी प्रथम कारखान्यांकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण १ ऑक्टोबर १९६० रोजी नेमलेल्या औद्योगिक विकास मंडळाचे रूपांतर ज्या समारंभाने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळात झाले, तो १ ऑगस्ट १९६२ चा समारंभ याच वसाहतीत पार पडला, आणि पुढे राज्यभर ज्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या त्या सर्वांची वाट एका अर्थाने येथूनच सुरू झाली. परंतु ज्या माणसांच्या हातांनी हे कारखाने चालले त्यांच्या घरात शिरावयाचे असेल, तर उत्पादनाच्या आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही; तेथे आजारपणाच्या दारानेच शिरावे लागते. हाती पगार येत असतो, चूल पेटत असते, तोवर नवराबायको, भाऊभाऊ, सासूसून यांच्या नात्यातले ताण झाकलेले राहतात. घरातला एक माणूस अकस्मात अंथरुणाला खिळला किंवा त्याचे चित्त ठिकाणावरून सुटले, म्हणजे कोण कोणाचे आहे हा प्रश्न एका रात्रीत उघड्यावर येतो. वागळे इस्टेटच्या परिसरात हा प्रश्न शासनाच्या वतीने विचारणाऱ्या दोन संस्था आहेत. एक १९०१ सालचे ठाण्याचे मनोरुग्णालय, आणि दुसरे राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय, ज्याला सारी वस्ती ‘कामगार हॉस्पिटल’ म्हणते. दोन्हीकडे उंबरठ्यावर एकच हाक ऐकू येते: पेशंटबरोबर कोण आहे? या हाकेला कोणी ‘ओ’ द्यावी, कोणाची ‘ओ’ ग्राह्य धरावी, याचे नियम शंभरांहून अधिक वर्षे कायद्याने घडविले आणि मोडले, आणि माझ्या मते या परिसराचा अंतरंग इतिहास त्या नियमांत दडलेला आहे.

यांपैकी पहिली संस्था कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या सरकारी अहवालांत कुलाबा, नौपाडा, धारवाड, रत्नागिरी अशा ‘वेड्यांच्या इस्पितळां’चे वार्षिक वृत्तांत येतात, आणि त्यांतले नौपाडा म्हणजे आपले ठाणेच. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव धारण करणारे हे रुग्णालय ज्या काळी सुरू झाले, त्या काळी मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये आगगाडी धावू लागून जवळजवळ अर्धशतक लोटले होते. म्हणजे शहराच्या दृष्टीआड होण्याइतके दूर, आणि तरीही सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल इतके जवळ, असे हे ठिकाण होते. मुंबईच्या चाळींत ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य थट्टेत कितीही सहज बोलले गेले असले, तरी ज्या घरावर ते खरोखर उच्चारण्याची पाळी आली त्या घराने ते कुजबुजतच उच्चारले, आणि शेजाऱ्यांना मात्र ‘गावी गेलाय, हवापालटासाठी’ असे सांगितले.

पाठविण्याची रीत १९१२ च्या कायद्याने ठरवून दिली होती, आणि ती येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सात दशकांहून अधिक काळ असंख्य कुटुंबांचे भवितव्य तिने बांधून ठेवले. माणसाला रुग्णालयात ठेवून घेण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटकडून मिळवावा लागे. त्यासाठी दरखास्त करावी लागे. आणि ही दरखास्त शक्यतो पतीने, पत्नीने किंवा नातलगाने केलेली असावी, तशी नसल्यास का नाही याचे कारण तिच्यात नमूद असावे, असा दंडक होता. अर्जदार सज्ञान असावा, आणि दरखास्त देण्याच्या आधीच्या चौदा दिवसांत त्याने रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, अशीही अट होती. दोन वैद्यकीय दाखले निराळेच. पहिल्या दृष्टिक्षेपात हा सारा खटाटोप कोरड्या कारकुनीचा वाटतो. पण त्या चौदा दिवसांच्या अटीपाशी मी नेहमी थांबतो. इस्टेटीच्या लोभाने धडधाकट भावाला वेडा ठरविणारे भाऊबंद या देशात काय आणि इंग्लंडात काय, कायदा करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून दुरून कागद पाठवून माणूस आत टाकता येऊ नये, निदान एकदा त्याच्यासमोर उभे राहावे लागावे, एवढी माणुसकी त्यांनी कलमात घालून ठेवली होती.

परंतु त्याच कायद्यात नात्याला जड जाणारी दुसरी एक गाठ होती. ज्याच्या दरखास्तीवरून माणूस आत गेला, त्याने लेखी मागणी केली म्हणजे, रोगी धोकादायक नसल्यास, त्याला सोडावयाचे. दुसऱ्या कोणा नातलगाला वा स्नेह्याला त्याला घरी न्यावयाचे असेल, तर त्याने सांभाळाची हमी लिहून द्यावयाची. म्हणजे आत जाण्याचे आणि बाहेर येण्याचे दार बहुधा एकाच माणसाच्या सहीने उघडत असे. आता असे मनात आणावे की पत्नीच्या सहीने पती आत गेला, पुढे ती माहेरी गेली, मुले मोठी झाली, भावांच्या वाटण्या झाल्या, चाळीतली खोली दुसऱ्याच्या नावावर चढली, आणि आत तो माणूस हळूहळू बरा झाला. तो बरा झाला हे कळविणारे पत्र जाते त्या पत्त्यावर ते घेणारे कोणी उरलेलेच नसते. देशातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्यांपैकी कितीतरी जणांना रोगाने नव्हे, पत्ता हरविल्यामुळे ठेवून घ्यावे लागले, हे सत्य या व्यवसायातील लोक नित्य सांगत आले आहेत. त्या नातलगांना एकदम निर्दय म्हणावयाला मी धजत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, वयात आलेल्या मुलींसह, रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाला सांभाळण्याचे काम ज्याने केले नाही, त्याने त्या सहीचा न्याय करू नये.

कायदा नातलगांवर केवळ विश्वासच टाकीत होता असेही नाही. रोग्याची आबाळ किंवा छळ होत असल्याचे दिसल्यास, त्याच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी असलेल्या नातलगाला मॅजिस्ट्रेट सांभाळाचा हुकूम करू शके, आणि तो हुकूम बुद्ध्या मोडणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शके. म्हणजे प्रेम नसेल तर निदान कर्तव्य, आणि कर्तव्यही नसेल तर शिक्षा, अशी उतरंड होती. पण पुढे १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने दुसरी वाट मोकळी करून दिली: जोडीदार निदान तीन वर्षे असाध्य मनोविकाराने ग्रस्त असेल, तर घटस्फोट मागता येऊ लागला, १९७६ साली तीन वर्षांची ही मुदतही गेली, आणि मग नुसत्या निदानाच्या चिठ्ठीवर संसार मोडावयाची तयारी होऊ लागली, तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव लावले म्हणजे घटस्फोटाचे कारण सिद्ध होत नाही, त्या आजाराची तीव्रता एवढी असली पाहिजे की सहजीवनाची अपेक्षाच करता येऊ नये. महारोगाचे कारण तर २०१९ पर्यंत कायद्यात तसेच टिकून होते. पतिपत्नींच्या सुखदुःखाच्या सोबतीची आपण अग्नीसमक्ष शपथ घेतो, आणि त्या सोबतीची मर्यादा कोठे संपते हे मात्र न्यायालयाच्या दप्तरात शोधावे लागते.

औषधांनी या चित्रात मोठा पालट घडविला. १९५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा प्रयोग यशस्वी झाला, आणि काही वर्षांत ते आपल्याकडेही पोहोचले. जो रोगी पूर्वी आयुष्यभर आत राहिला असता तो काही महिन्यांत घरी जाण्याजोगा होऊ लागला. पण मला अधिक मोलाचे वाटते ते याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी केलेले काम. त्यांच्या रुग्णालयात जागा नव्हती, नोकरमाणसे पुरेशी नव्हती. म्हणून त्यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांनाच तेथे राहावयास बोलाविले. आई मुलाला भरवू लागली, भाऊ भावाला अंघोळ घालू लागला, आणि सायंकाळी डॉक्टर सर्वांना एकत्र बसवून आजार म्हणजे काय हे समजावून सांगू लागले. रोगी लवकर सुधारले, आणि ते घरी गेले तेव्हा घर त्यांना भीत नव्हते. १९५७ नंतर वेल्लोरच्या मिशन रुग्णालयानेही नातलगांसह रोग्याला ठेवून घेण्याची पद्धत रूढ केली. युरोपात त्या काळी कुटुंबालाच आजाराचे कारण मानणारे विचार जोरात होते. आपल्याकडे, बऱ्याच अंशी दारिद्र्याच्या रेट्यानेच का होईना, कुटुंबाला औषधाचा भाग मानले गेले. भिंतीआड माणूस ठेवून नाते तोडण्याऐवजी भिंतीच्या आत नाते वसविण्याचा हा विचार सर्वत्र रुजला असता, तर कितीतरी घरांची हकिकत निराळी झाली असती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ साली मनोरुग्णालयांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत तुरुंगासारख्या बांधणीच्या संस्था अजूनही पुष्कळ आढळल्या, हे येथे खेदाने नोंदविले पाहिजे.

आता कारखान्यांकडे येऊ. वागळे इस्टेटमध्ये यंत्रे सुरू झाली तसे किसन नगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्य नगर, रामनगर या वस्त्या भरू लागल्या. कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तरेकडूनही माणसे आली. आणि पुष्कळदा एकटीच आली, कारण गावी शेत होते, म्हातारे आईबाप होते, आणि येथे एका खोलीत पाच-सात जण राहून खानावळीत जेवणे परवडण्याजोगे होते. अशा रीतीने एका कुटुंबाची दोन ठिकाणे झाली: मनीऑर्डर जेथून निघते ते एक, आणि जेथे पोहोचते ते दुसरे. या रचनेला सर्वांत मोठी धास्ती आजाराची होती, आणि त्यातही क्षयाची. खोकल्यातून रक्त पडले की पूर्वीच्या पिढीत माणसाला गावी धाडीत, किंवा ऐपत असल्यास पाचगणी-मिरजेच्या आरोग्यधामात. दोन्ही वाटा घरापासून दूर नेणाऱ्याच. परंतु १९५६ पासून मद्रासच्या क्षयरोग केंद्रात झालेल्या अभ्यासाने असे दाखवून दिले की गोळ्या नियमित घेतल्या तर गरिबाच्या खोलीत राहूनही रोगी आरोग्यधामाइतकाच बरा होतो, आणि विशेष म्हणजे, त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. त्याच आधारावर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, म्हणजे औद्योगिक महामंडळ आणि हा कार्यक्रम एकाच वर्षाचे. त्यामुळे क्षयी माणसाला घरात ठेवून घेणे शास्त्राने शक्य केले. पण त्याचे ताट-भांडे वेगळे काढावे की नाही, धाकट्याला त्याच्या कुशीत झोपू द्यावे की नाही, हे निर्णय मात्र घरातल्या बाईवरच पडले, आणि ते तिने भीती आणि माया यांच्या ओढाताणीत, कोणाला न विचारता घेतले.

कामगाराला आजारपणात आधार देणाऱ्या विम्याची कल्पना प्रथम नीट मांडली ती प्रा. बी. पी. अडारकर यांनी, १९४४ साली त्यांचा अहवाल सादर झाला, १९४८ साली राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ साली ती मुंबईत आली. मुंबईकडे ती ‘पॅनेल डॉक्टर’च्या पद्धतीने रुजली, म्हणजे वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांपैकी एकाच्या यादीत कामगाराने नाव घालावयाचे, लहान आजाराला त्याच्याकडे जावयाचे, आणि मोठ्याला त्याची चिठ्ठी घेऊन रुग्णालय गाठावयाचे. कागद मोठा साधा होता. कामावर लागताना भरून द्यावयाचा नमुना क्रमांक १ चा जाहीरनामा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातला कुटुंबाचा तक्ता आठवेल: नाव, जन्मतारीख, कामगाराशी नाते, आणि मग ‘सोबत राहतात की नाही’, नसल्यास कोणत्या गावी. हा शेवटचा रकाना मला या वसाहतीच्या साऱ्या इतिहासाहून बोलका वाटतो. फॅक्टरीच्या कचेरीत टेबलाच्या कडेला उभा राहून, शाईचे पेन दुसऱ्याकडून मागून घेऊन, विशीतल्या पोराने तेथे आईच्या नावापुढे ‘नाही’ लिहावे, आणि गावाचे नाव घालून तालुका-जिल्हाही लिहावा, एवढ्यात एका घराची विभागणी पुरी होत असे.

प्रारंभी वैद्यकीय मदत मुख्यतः विमेदारापुरती होती. कुटुंबापर्यंत ती नंतर वाढविण्यात आली. आणि ती वाढविताना कुटुंब म्हणजे कोण, हे ठरवावे लागले. पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले, आणि अवलंबून असलेले आईबाप. ही यादी वाईट नव्हती. पण ज्या भावाने आपले शिक्षण सोडून धाकट्याला नोकरीला लावले तो भाऊ तीत नव्हता, विधवा वहिनी नव्हती, सांभाळ केलेली आत्या नव्हती. गावी रीतसर लग्नाची बायको आणि येथे वस्तीत जिच्याबरोबर पंधरा वर्षे संसार केला ती दुसरी, अशी घरे कोणत्याही औद्योगिक वस्तीत होती आणि आहेत. त्या घरातला पुरुष यंत्रावर काम करता करता अर्धांगाने कोसळला, म्हणजे त्याला उचलून आणणारी, त्याचे अंग पुसणारी बाई कागदावर कोणीच नसते, आणि चार दिवसांनी एस.टी.ने येऊन पोहोचणारी सर्व काही असते. या दोघी एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. त्यांच्यातला कोणता संबंध खरा, हे बाहेरच्याने ठरवू नये. दोन्ही खरे असू शकतात, आणि दुखणे त्या दोघींनाही सोडीत नाही.

रकाना सावकाश रुंदावत गेला, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१० च्या दुरुस्तीने, आईबाप हयात नसलेल्या अविवाहित कामगाराची अल्पवयीन भावंडे त्यात आली. आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, स्त्री कामगाराच्या कुटुंबात तिच्यावर अवलंबून असलेल्या सासूसासऱ्यांचा समावेश झाला. आपल्या वाङ्मयात सासूसुनेच्या भांडणावर जेवढे लिहिले गेले त्याच्या निम्म्यानेही, पगारावर जाणारी सून रात्री घरी येऊन सासूचे अंथरूण बदलते, यावर लिहिले गेले नाही. कायद्याने ती गोष्ट पाहिली, याचे मला मनापासून समाधान वाटते.

आजारपणाच्या भत्त्याचा हिशेब कुटुंबात काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. आजच्या नियमांनी वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात. क्षय, महारोग, अर्धांगवायू आणि तीव्र मनोविकार यांसह ३४ दीर्घ आजारांसाठी तो लाभ ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत वाढविता येतो. मनोविकार या यादीत आहे, ही या परिसराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे; कारण तिच्यामुळेच वर वर्णिलेल्या दोन संस्थांची सांगड बसते, आणि भ्रमिष्ट झालेला कमावता माणूस काही काळ तरी घराला निव्वळ ओझे होत नाही. पैसा येत राहिला की नाते अधिक दिवस तग धरते, असे म्हणणे कोणाला हिणकस वाटेल. मला ते तसे वाटत नाही. उपाशी घरात माया टिकवून धरणारी माणसे थोर खरीच, पण मायेची एवढी कठोर परीक्षा कोणाला द्यावीच लागू नये म्हणून तर विम्याची योजना केली गेली. उलट, हे सर्व ज्याची हजेरी नियमित लागते आणि वर्गणी भरली जाते त्याचे. वागळे इस्टेटमधील कित्येक कारखान्यांच्या जागी आता संगणक कंपन्या आणि कचेऱ्या आल्या. जे कारखाने उरले त्यांत कंत्राटी माणसे वाढली. आणि कंत्राटदार बदलला की खंडित होणाऱ्या नोंदींमुळे ऐन दुखण्यात हक्क निसटतो, अशी कामगारांची तक्रार सतत कानी येते.

दुसऱ्या टोकाला, मनोरुग्णालयाच्या बाजूने, कायद्याने मोठे वळण घेतले. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. या कायद्याप्रमाणे माणूस शहाणा असतानाच लिहून ठेवू शकतो की आपले चित्त बिघडले तर कोणते उपचार करावे, कोणते करू नयेत. आणि आपल्या वतीने बोलावयास तो स्वतः प्रतिनिधी नेमू शकतो, मग तो नातलग असो वा मित्र, वा ती दुसरी बाई, जिचे नाव कोणत्याच तक्त्यात नव्हते. त्याने कोणाला नेमले नसेल तरच नातलगाकडे, आणि नंतर सांभाळ करणाऱ्याकडे वळावयाचे. १९१२ साली नातलग दरखास्त करीत आणि रोगी हा त्या दरखास्तीचा विषय असे. आता आपले कोण, हे सांगण्याचा पहिला अधिकार रोग्याचा झाला. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही; त्याच्या राहण्याची सोय शासनाने समाजातच करावी. कलम उत्तम आहे. त्याप्रमाणे निवारे उभे करण्याचे काम मात्र फार मागे आहे, आणि ते पुरे झाल्याखेरीज ज्यांचा पत्ता हरवला त्यांना बाहेर जाण्याची वाट मिळणार नाही.

ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान, मनोरुग्णालयाच्या जमिनीचा काही भाग घेऊन, नवे उपनगरी स्थानक बांधण्याचे ठरले आहे, आणि ठाणे स्थानकातली गर्दी ज्यांनी अनुभवली त्यांना त्याची निकड सांगावयास नको. जमीन जात आहे म्हणून हळहळणाऱ्यांचे म्हणणेही मी समजू शकतो; पण माझा आग्रह निराळा आहे. स्थानक झाल्यावर गाडी रोग्याच्या नातलगाला जवळजवळ फाटकापाशी आणून सोडील. तेव्हा उरलेल्या आवारात, अमृतसरच्या त्या तंबूंची आठवण ठेवून, देवगडाहून वा पाटणहून येणाऱ्या आईला किंवा भावाला चार रात्री रोग्यासोबत राहता येईल अशा खोल्या, आणि एक सामाईक स्वयंपाकघर, नकाशात आत्ताच आखून ठेवावे.